डिस्क उडाली नव्हती

दिग्रस,
दि. १९ नोव्हेंबर २०२४

ती. कोकिळाताईंस सलोनीचा नमस्कार.

तुम्ही, भाऊजी, लेकरं बरे असाल. इकडं तूर फुलावर आली, कापसाचा पहिला वेचा झाला. अक्षर वाकडं वाटन. डाव्या हातानं लिहून राह्यली. शेजारच्या मानीबाईच्या फोनवरून बोलता आलं असतं, पण तुमचा आवाज ऐकला की माझ्या तोंडून पुन्हा खोटंच निघन.

बाबांच्या तेरवीनंतर कॉम्प्युटर लावला, तं सहा टीबीची डिस्क दिसेच ना. तुमचे भाऊ म्हणाले, "उडाली ते. भंगारात टाक." कशी टाकू? एडिटिंगले आलेली अकरा लग्नं तिच्यात होती.

केबल बदलली. काही नाही. कान लावला, आत फिरायचा आवाज होता, टकटक नव्हती. म्हणजे जीव होता. दुसऱ्या वायरीनं करंट देल्ला तं डिस्क आली, पण कोरी. स्क्रीन विचारे, फॉरमॅट करू का? मी नाही म्हटलं. एवढी मोठी डिस्क सारी अशी कोरी आपोआप होत नसते ताई, कोणीतरी पुसली होती. नवी डिस्क आणून जशीच्या तशी नक्कल उतरवली. दीड दिवस लागला. मग त्या नकलेतून फाइली काढल्या. लग्नं आली. त्यांच्यासोबत आपल्या अंगणातल्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंगही आलं, तेही त्याच डिस्कवर राहे. ५ ऑक्टोबर, दुपारचे सव्वातीन.

बाबा जिन्यावरून पडले नाहीत.

बोरी अरबकडचं वावर तुमच्या नावानं करायचा कागद त्यांच्या हातात होता. नयननं, तुमच्याच भावानं, तो हिसकला, कमरेत लाथ घातली. बाबा पायरीले हात टेकून उठत होते. त्यानं त्यांचं डोकं धरलं अन् पायरीच्या काठावर आपटलं. तीनदा.

तुम्ही विचारान, तू कुठं होती? व्हिडिओत मीही आहे. दारात उभी, हातात सूप. तो वळून म्हणाला, "बोलशील तं तुलेही इथंच टाकीन." मग बादली मीच आणली, फरशी मीच धुतली. पाय घसरला म्हणून पोलिसाजवळ सही केली तेही मीच.

दारातली सलोनी कापून टाकता आली असती. लग्नात रुसलेले मामे कापतोच आपण. नाही कापली.

परवा दुपारी मी तो व्हिडिओ पाहत होती, तं त्यानं पकडलं. केस धरून ओढलं, उजवा हात दाराच्या फटीत घातला अन् दार लावलं. बोटं मोडल्याचा आवाज मीच ऐकला. दंडाले चावली त्याच्या, रक्त आलं तरी सोडलं नाही, तेव्हा सुटली. मागून हातोडा ऐकू येत होता. डिस्क फोडत होता. ती जुनी होती. नक्कल मी आधीच मानीबाईकडं ठेवली होती. तिच्याच घरी बसून लिहून राह्यली.

थोड्या वेळानं आम्ही दोघी ठाण्यात जातो. मलेही धरतीन. धरू द्या. पोलीस तुम्हाले तो व्हिडिओ दाखवतीन तेव्हा भाऊजींले जवळ बसवा.

त्या कॅमेऱ्याले आवाज नाही, म्हणून एवढं लिहायलाच पाहिजे. बाबा लगेच गेले नाहीत. मी पाणी पाजलं. ते म्हणाले, "कोकीले बोलाव." फोन माझ्या हातात होता. मी लावला नाही. तासभर ते दाराकडं पाहत होते.

ताई, आता बोलावते. या.

सलोनी