तीनशे सहा सामने जिंकलेला पेशंट

सेंगकांग, सिंगापूर
गुरुवार

आदरणीय रत्नदीपमामा,

तुम्हाला आणि मामींना संजीवनीचा सविनय जय भीम. खडकीत सगळं क्षेमकुशल असेल, कबड्डी मंडळाची पोरं रोज मैदानावर येत असतील आणि तुम्ही त्यांच्यावर रोज ओरडत असाल असं धरून चालते. आम्ही तिघं ठीक. अमेयला ऑफिस सोडत नाही. मैत्रेयीला मी मराठीत रागावते, ती इंग्रजीत उत्तर देते, त्यामुळे भांडण दोघीही जिंकतो. पत्र अशासाठी, की फोनवर तुम्ही "बरं, बरं" म्हणत दोन मिनिटांत फोन मामींच्या हातात देता, आणि ही हकिगत दोन मिनिटांत मावणारी नाही.

मी इथल्या नोव्हेना भागातल्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे (शेजाऱ्यांना तुम्ही "मालिश करते" म्हणून सांगता, तेही माझ्या कानावर आलं आहे). दीड महिन्यापूर्वी माझ्याकडे डेल हॅरिगन नावाचे एक्याऐंशी वर्षांचे अमेरिकन आजोबा आले. खुब्याचं हाड मोडलेलं, ऑपरेशन होऊन चार महिने झालेले. हाड छान जुळलं आहे, आता चालवा, असं डॉक्टर म्हणाले. आजोबा व्हीलचेअरमधून उठायला तयार नाहीत. मी "अंकल" म्हटलं, तर म्हणाले, "कोच म्हण."

नंतर कळलं की हे त्यांच्याकडच्या फुटबॉलचे फार मोठे कोच. त्या फुटबॉलमध्ये पायाचं काम फारसं नसतं मामा. चेंडू काखोटीला मारून पळायचं आणि समोरच्यांनी अंगावर झेपावून पाडायचं. म्हणजे आपली चढाई-पकडच, पण डोक्यात हेल्मेट घालून आणि तोंडानं कबड्डी न म्हणता. हे मुळात गणिताचे मास्तर. नेब्रास्कातल्या एका आडगावच्या कॉलेजचा कोच हंगामाच्या तोंडावर सोडून गेला, आणि मास्तरांमध्ये सगळ्यात उंच हे, म्हणून शिट्टी यांच्या गळ्यात पडली. पहिल्या वर्षी नऊ सामने, नऊही हरले. त्यांची बायको नॉर्मा हिशेबी बाई. प्रत्येक सामन्यात आपला कुठला गडी कुठे पडला ते वहीत लिहायची. ती वही वाचून यांनी संघ नव्याने बांधला. पुढे एकेचाळीस वर्षं, तीनशे सहा विजय, गावात पुतळा (नाक चुकलंय, असं ते स्वतः सांगतात). नॉर्मा गेल्यावर बँकेत असलेल्या लेकीनं इकडे आणलं. दोन आठवड्यांसाठी आले होते, त्याला चार वर्षं झाली.

तर हा माणूस स्वतः जागचा हलेना, पण आठवड्याभरात त्यानं माझं अख्खं डिपार्टमेंट ताब्यात घेतलं. हौगांगच्या मॅडम ओंग गुडघ्यासाठी येतात; त्यांना "कॅप्टन" केलं. खांदा धरलेल्या एका निवृत्त टॅक्सीवाल्याला बचावफळीत घातलं. व्यायामाआधी सगळ्यांनी गोल करून डोकी एकत्र आणायची, मग कोच कुजबुजत डावपेच सांगणार, मग सगळे एकदम ओरडून आपापल्या मशीनकडे जाणार. आमच्या मुख्य बाईंनी मला बोलावून विचारलं, की हे हॉस्पिटल आहे का स्टेडियम. पण पेशंट भराभर सुधारत होते, त्यामुळे त्यांना पुढे बोलता येईना. सुधारत नव्हते ते फक्त कोच. आज दुखतंय, उद्या बघू, परवा हवा दमट आहे. (सिंगापुरात!)

शेवटी मी चिडले. म्हटलं, "कोच, तुमच्या संघात असा खेळाडू असता तर काय केलं असतं?" त्यांनी व्हीलचेअरचा ब्रेक लावला. मग म्हणाले, "एकेचाळीस वर्षं मी पडलेल्या पोरांना एकच शब्द सांगितला. उठ. बाथरूममध्ये पडलो तेव्हा तोच शब्द स्वतःला सांगितला. तीनदा. दोन तासांनी लेक आली तोवर तसाच होतो." त्यांना चालायची भीती नव्हती मामा. पडायचीही नव्हती. आपल्याला उठता येत नाही, हे पुन्हा कळायची होती.

मला तुम्ही आठवलात. तुम्ही पडलेल्या पोराला कधी "उठ" म्हटलं नाही, धुळीत त्याच्याशेजारी फतकल मारून बसायचात आणि म्हणायचात, "घाई कुठाय, आधी श्वास घे." मी तेच केलं. चटई टाकली, मी आणि नर्सनं दोन्हीकडून धरून त्यांना अलगद खाली उतरवलं आणि शेजारी मांडी घालून बसले. कुशीवर वळायचं, मग हातागुडघ्यांवर यायचं, जड खुर्ची धरायची, धडधाकट पाय पुढे टाकायचा. पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदा चिडून मला अशी शिवी दिली, जी मैत्रेयीलाही माहीत नसावी अशी आशा आहे. मॅडम ओंग मशीन सोडून आल्या, गुडघा विसरून आमच्याशेजारी खाली बसल्या आणि म्हणाल्या, "स्लोली लाह, कोच. कॅन." (इथल्या इंग्रजीत "कॅन" म्हणजे जमेल.)

तिसऱ्यांदा उठले. खुर्ची धरून उभे राहिले, आणि टॅक्सीवाले काका दुखऱ्या खांद्यानं टाळ्या वाजवत होते. मी मोजमापाचा कागद शोधायला म्हणून आत गेले. (कागद माझ्या खिशातच होता.) परत आले तर कोच विचारत होते, हे शेजारी बसण्याचं तुला कुणी शिकवलं? मी तुमचं नाव सांगितलं. "त्यांना माझं सगळं कळव," म्हणाले, "बाथरूमचंसुद्धा." म्हणून हे पत्र, फोटो काढून मामींच्या फोनवर धाडते.

मामींची काळजी घ्या.

तुमची,
संजीवनी

ता. क. मामींनी मला सगळं सांगितलं आहे. तुम्ही न्हाणीघराशी पडलात, हाड मोडलं नाही, पण महिना झाला तुम्ही मैदानावर गेला नाहीत आणि पोरांना "ताप आहे" म्हणून निरोप धाडता. मामींवर रागवू नका. मीच खोदून खोदून विचारलं.

ता. क. २. रविवारी तुमच्या सकाळी दहाला व्हिडिओ कॉल करते. चटई, भिंतीला टेकवलेली जड खुर्ची आणि मामी, तिघंही हजर हवेत. कोच माझ्याशेजारी बसणार आहेत. तुम्ही पडलात हे मी त्यांना सांगितलेलं नाही. ते तुम्ही सांगा. त्यांना तोंड उघडायला दीड महिना लागला. तुमच्या हातात रविवारपर्यंतचा वेळ आहे.