‘तुडवण’ या बॅलेचे दोन शेवट

मी, रंभा कान्हू घरत, वय ३३, मूळची वडखळजवळच्या खाडीकाठची, सध्या राहणार रोहा, दिवसा कंपनीत आरेखक आणि संध्याकाळी बॅलेची शिक्षिका व नृत्यरचनाकार, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. येत्या गुरुवारी माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. मला समजतं, असं त्यात म्हटलं आहे. मला ठरवता येतं, असं म्हटलेलं नाही, आणि ते बरोबर आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. असता तर सोपं गेलं असतं.

१. बँकेतली ठेव आणि भविष्यनिर्वाह निधी आई हौसा हिला. यात संदिग्ध काही नाही.

२. बंद भातगिरणीच्या माडीवर माझा वर्ग भरतो. तिथले आरसे आणि भिंतीवरचा ९२ सेंटिमीटर उंचीवरचा सरावाचा पाइप माझी विद्यार्थिनी सरू हिला. पाइपचा मधला आधार सैल होतो. दर तीन महिन्यांनी स्क्रू आवळावा. बोटांच्या टोकावर उभं राहायचे माझे बूट कोणालाही देऊ नयेत. दुसऱ्याच्या पायाला बसलेला बूट घोटा मोडतो.

३. पेणच्या सभागृहाचे व्यवस्थापक दिनानाथ यांनी आमच्या प्रयोगाच्या सकाळी रंगमंच तेल लावून चकचकीत केला. “मॅडम, पाहुणे येणार, जरा चमक नको?” दोन मुली पडल्या. दिनानाथ यांना माझी राळेची डबी. ती बुटाला लावली की पाय घसरत नाही. त्यांना ते आता तरी कळावं.

४. आता ‘तुडवण’. चार नर्तकी, बावीस मिनिटं. पावसाळा सरला की मिठागराच्या वाफ्यातला चिखल बायका ओळीने पायांनी तुडवून घट्ट करतात, तेव्हा त्यावर मीठ स्वच्छ धरतं. माझी आत्या धोंडुबाई हेच काम करते. तिला बघून मी रचना केली. मी आधी जमिनीचा आराखडा काढते, मग पायाचा: भार कुठे पडतो, कुठून उचलतो, ते आलेखाच्या वहीत बाणांनी. अभिजात बॅले भार वर नेतो, समकालीन नृत्य खाली सोडतं. मी पहिली तीन दृश्यं खाली ठेवली आणि शेवटी चौघींना टोकावर उचललं. दोनशे बाराव्या आवर्तनाला अंधार.

पेणचा प्रयोग आत्याने पाहिला. बाहेर आल्यावर म्हणाली, “गो रंभा, सगलं बरोबर हाय. पण शेवटाला पोरी टोकावर उभ्या केल्यास, वाफ्याला भोकं पडली ना! त्यात मीठ नाय, चिखल मिलंल.”

मी चौदा महिने तिच्याशी बोलले नाही. मग गेले आणि विचारलं, तुम्ही किती मोजून थांबता?

“मोजतंय कोण? टाचेचा ठसा उठंना झाला की शेवटची बाई ‘बस’ म्हणते.”

तसा दुसरा शेवट बसवला. मंचावर ओली माती, अनवाणी पाय, मोजणी नाही. तालमीत एकदा चार मिनिटं लागली, एकदा अकरा. हे कागदावर कसं काढायचं ते मला अजून कळलेलं नाही. दोन्ही शेवट एका प्रयोगात बसत नाहीत. बुटाचं टोक मातीत रुततं.

माझा सहनर्तक कमळाकर याला पहिलाच हवा. “आत्याला विचारून बॅले बसवणार? मग उद्या भात लावणाऱ्या बायकांना विचारून भरतनाट्यम बसव.” तो चुकीचं बोलतो असं मला म्हणता येत नाही. आत्या चुकते असंही नाही.

५. ~~‘तुडवण’ची वही व हक्क कमळाकर यास, पहिल्या शेवटासह.~~ हे मी खोडलं आहे. सही केली आहे.

६. ~~वही व हक्क धोंडुबाई हिला.~~ हेही खोडलं आहे. ज्याला द्यायचं त्याची साक्ष घेऊ नये, असं वकिलांनी सांगितलं. फोनवर आत्याला विचारलं, नाच घेतेस की साक्षीला येतेस?

“नाच घेऊन मी काय करू गो? साक्षीला येते. तुझ्या बाजूला घरचं कोणी नको व्हय?”

७. म्हणून शेवटचं. वही व हक्क कमळाकर यास. शेवट कोणता, ते त्याने ठरवावं. मला ठरवता आलेलं नाही. परंतु त्याआधी त्याने एक संपूर्ण हंगाम आत्याच्या ओळीत अनवाणी तुडवणीला उभं राहावं. हंगाम पुरा होईपर्यंत ‘तुडवण’ कुठेही करू नये. त्यानंतर त्याने पहिलाच शेवट निवडला, तर माझी हरकत नाही. हे वाक्य मी तीनदा वाचलं. हरकत आहे. तरीही निवड त्याचीच.

वरील मजकूर वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

रंभा कान्हू घरत
रोहा, दि. १२ नोव्हेंबर २०१७

साक्षीदार :
१. गिरजाबाई शेडगे, भातगिरणीच्या मालकीण. मिळकतीत हितसंबंध : नाही.
२. धोंडुबाई जनू मोकल, मिठागर कामगार. मिळकतीत हितसंबंध : नाही. (कायद्याच्या अर्थाने.)