दातणाच्या मुळाचा माउथवॉश

३ मार्च
आजपासून रोज नोंद. संशोधकाला शिस्त हवी. संकल्प: आपण लहानपणापासून चघळतो त्या दातणाच्या मुळाचा अर्क काढून माउथवॉश करायचा. वर्षभरात आमच्या इलोरिन शहरातल्या दुकानांतून परदेशी बाटल्या हद्दपार! जंतू वाढवायच्या पहिल्याच प्लेटमध्ये अर्काच्या थेंबाभोवती जंतू साफ, भलंमोठं स्वच्छ वर्तुळ. घरी मोराडेकेला फोटो दाखवला. बायको असून म्हणते काय, "छान. आईला परत ताप आलाय." उतरेल म्हटलं.

११ मार्च
स्वतः चूळ भरून पाहिली. ओठ, जीभ, सगळं बधिर. हा दोष नव्हे. औषध आत पोचतंय याची खूण आहे. रात्री एगुसीच्या सूपबरोबर स्वतःचा गालही चावला. मोराडेकेला रक्त दिसलं, तिने सांगितलं, तेव्हा मला कळलं.

१९ मार्च
पहाटे मोराडेकेच्या माहेरून, अबेओकुटाहून फोन. सासूबाई गेल्या. मोराडेके स्वयंपाकघरात जमिनीवर बसून राहिली. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणालो, "वय झालं होतं." खोटं नाही, झालंच होतं. मग लॅबला गेलो. रडू आलं नाही. कामात बुडालेल्या माणसाचं असंच होत असावं.

८ एप्रिल
आज सासूबाईंचं दफन; आमच्याकडे तयारीला आठवडे लागतात. गेलो नाही. कॉलेजच्या जनरेटरला डिझेल नाही, लाइट जाऊन उबेचा इन्क्युबेटर बंद पडला तर प्लेट्स वाया. कुणीतरी थांबायला हवं. मोराडेके एकटीच गेली. सगळ्या जावयांना एकाच कापडाचे कपडे शिवलेत, माझे खुर्चीवर घडी करून ठेवून गेली. तिला माझं काम समजतं. दफन आटोपलं की येईलच.
संध्याकाळी लाइट गेली. प्लेट्स वाया.

२ मे
मोराडेके माहेरीच. वडिलांना सोबत हवी असणार. मी मेसेज करतो, ती "बरं" लिहिते. पूर्वीपासून मोजकंच लिहिते. घरात शांतता आहे, वाचन होतं. म्हणजे होईल.

१७ मे
शेजारच्या लॅबमधल्या एबुन लाडिपोने विचारलं, "फोलारिन, नुसतं अल्कोहोल टाकून पाहिलंस का?" अर्क अल्कोहोलमध्येच काढतो आपण. तेवढं राहिलं होतं. टाकलं. वर्तुळ तेवढंच! म्हणजे जंतू मारतंय अल्कोहोल, आणि माझं मूळ फक्त बधिर करतंय.
"मग भूल म्हणून विक की," एबुन म्हणाली.
हसण्यासारखं होतं. हसू आलं नाही. उपाय: मूळ तिप्पट घालणे.

९ जून
उद्या अबेओकुटा. मोराडेकेला घेऊनच येणार. काय बोलायचं ते पाठ केलंय. सोपं आहे.

१० जून
बसमधून उतरल्यावर नव्या अर्काची चूळ भरली. श्वास ताजा असला की माणूस नीट बोलतो. ओसरीवर सासरे, मोराडेकेचे काका आणि ती. साष्टांग घातला. तोंड उघडलं, तर जिभेचा पत्ता नाही. "मो… मो…" आणि हनुवटीवरून लाळ.
काका ओरडले, "ढोसून आलाय! वास येतोय, वास!"
सासरे हळूच म्हणाले, "जावईबापू, हिची आई गेली तेव्हा आला नाहीत. आज आलात, ते असे?"
मी खिशातून बाटली काढून दाखवली. त्याने आणखीच बिघडलं.
"प्यायलेले नाहीत ते," मोराडेके म्हणाली. "असेच आहेत."

११ जून
कालचं पुरं करतो. तिने मला जेवायला वाढलं. सूप झणझणीत लागलं, म्हणजे तोवर जीभ जागेवर आली होती. स्टँडपर्यंत सोडायला आली. बस भरायला वेळ होता. बाकावर शेजारी बसली.
"आता बोलता येतंय ना?"
"हो."
ती माझ्याकडे वळून बसली. मी तिला अर्काचं प्रमाण कुठे चुकलं ते समजावलं. कंडक्टरने हाक मारली तशी ती उठली. "जपून जा," म्हणाली. मागे वळून पाहिलं नसावं. मी बॅग वर ठेवत होतो.
आज नव्या प्लेट्स बनवायच्या होत्या. बनवल्या नाहीत. बेसिनच्या आरशासमोर म्हणून पाहिलं: "आई गेल्या. मला वाईट वाटतं. घरी चल."
उच्चार अगदी स्वच्छ.