कप्तानाला बोटीवर घेत नाहीत

तीर्थस्वरूप भाऊजींना,

साष्टांग नमस्कार. (तो बसल्या जागेवरूनच घातला असं समजा. कंबर धरली आहे, त्याची हकीकत पुढे येईलच.) तुमचा गुडघा कसा आहे? मागे दिलेला पट्टा बांधता की कपाटात घडी घालून ठेवलाय? माझ्या तब्येतीचं म्हणाल तर कंबर सोडून बाकी सगळं ठीक, फक्त सोमवारपासून डोकं ठिकाणावर नाही. आज शुक्रवार. पाच दिवस मी इतका संतापलोय की काल एका गिऱ्हाइकाला चष्म्याबरोबर शिव्यांचं पाकीटही बांधून देणार होतो. बिचारा फक्त "नाकावर जरा रुततोय" एवढंच म्हणाला होता.

पत्र कुरियरने तुमच्या वाचनालयाच्या पत्त्यावर पाठवतोय, घरच्या नाही; उद्या सकाळी हातात पडेल. फोन तर नकोच. तुम्ही फोनवर अशा आवाजात बोलता की मुळात फोन कशाला घेतला असा प्रश्न पडावा, आणि ताई स्वयंपाकघरातून शब्दन् शब्द ऐकते. तिच्या कानांना काही झालेलं नाही. झालंय ते डोळ्यांना, आणि त्यापायीच हे सगळं रामायण.

तुम्हाला सगळं ठाऊक आहे, तरी लिहितो, कारण लिहिल्याशिवाय माझा राग निवणार नाही. अकरा महिन्यांपूर्वी तुमच्याच घरी ताईने चहा ओतला तो कपाच्या उजव्या अंगाला, सरळ बशीत. मी म्हणालो, ताई, तुला उजवीकडचं दिसत नाहीये, आपल्या वडिलांचं असंच सुरू झालं होतं, डोळ्यांच्या डॉक्टरकडे चल. मी काय वाईट बोललो? पण चार पाहुण्यांसमोर बोललो. बाईसाहेब भडकल्या. "घरी येऊन चष्मे विकायला लागलास का?" म्हणाली आणि त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं बंद. भाऊजी, मी चाळीस वर्षं चष्म्याचं दुकान चालवतोय. डॉक्टर नाही, पण दोन्ही डोळे उघडे असताना एक बाजू दिसेनाशी झाली म्हणजे पाणी बरंच पुढे गेलंय एवढं मला कळतं. काचबिंदू असेल, दुसरं काही असेल. काचबिंदू असला तर गेलेली नजर परत येत नाही, उरलेली तेवढी औषधाने राखता येते. वडिलांची आपण राखली नाही. तुम्ही दोनदा सांगून पाहिलंत तर तुम्हाला म्हणाली, "तुम्ही त्याला सामील आहात." (आहातच. पण ते तिला कळायचं काय कारण?)

मग तुम्हीच मला सांगितलंत की ती हल्ली संध्याकाळी तो बोटीचा खेळ खेळते, ज्यात जगभरची माणसं आपापल्या घरी बसून एका समुद्रात बोटी हाकतात. बोटीचं नावही तुम्हीच दिलंत. मी गेलो. तिथे ताईने पाटी लावली होती: "दोघांची बोट. कप्तान हवा. न बोलणारा चालेल." बासष्टाव्या वर्षी मी लहान पोरांसारखा खातं उघडून बसलो आणि माझ्याच बहिणीचा कप्तान झालो. तिला पत्ता नाही. ती सुकाणू धरते, मी पुढे उभा राहून खडक दाखवतो. समोरचा आणि डावीकडचा खडक ती माशी हाकलावी तसा चुकवते. उजवीकडून आला की बोट थेट त्याच्यावर. तीन आठवडे मी दुकानाच्या वहीत टिपत होतो. उजवीकडच्या बावीस खडकांपैकी एकोणीस तिने आपल्या बोटीवर घेतले.

म्हणून मी हळूहळू विषय काढायला लागलो. आज एकदा, उद्या एकदा. बोट खडकावर आपटली की मी टाइप करायचो, "सुकाणूवाल्या बाई, उजवा डोळा कधी तपासलात?" आधी ती उत्तरच देत नव्हती. मग "खेळावर लक्ष द्या" म्हणाली. आणि गेल्या रविवारी, भाऊजी, ती म्हणाली, "बघू." माझ्या उभ्या जन्मात ताई मला "बघू" म्हणालेली नाही. मला ती "नाही" म्हणते, "गप्प बस" म्हणते, "तू मोठा की मी मोठी" म्हणते. "बघू" हे तिच्या तोंडून निघालं म्हणजे गड अर्धा सर झाला. येत्या रविवारी वादळफेरी आहे, सगळ्यांत मोठी सफर. तेव्हा तिच्याकडून तारीख वदवून घ्यायची असं मी ठरवलं होतं. आणि त्या फेरीला कप्तान हजर नसेल तर बोट मोडतात आणि खलाशी दुसऱ्या बोटीवर पाठवतात. मग ताई कुणाच्या हाती लागेल आणि तिच्या डोळ्याचं कोण विचारेल?

आणि सोमवारी संध्याकाळी खेळ उघडला तर पाटी: "प्रवेश नाकारला."

मला वाटलं, पासवर्ड चुकला. एरवी संगणक तो स्वतःच भरायचा, पण नेमकी त्याच सकाळी खेळाची नवी आवृत्ती आली होती, तेव्हा तो सगळं विसरला असणार. मी निश्चिंत होतो, कारण पासवर्ड मी लिहून ठेवला होता, आणि तोही अक्कल लढवून. लोक वहीत लिहितात, चोर वही बघतो. मी तो चष्म्याच्या नंबरासारखा एका कार्डावर लिहिला, गिऱ्हाइकाचं नाव 'बोटवाले काका', आणि खणातल्या दोन हजार कार्डांत सोडून दिला. उजवा डोळा वजा साडेचार, तिरका नंबर वजा सव्वा, अक्ष दोनशे सात. (तिरक्या नंबराची काच किती अंशांत फिरवून बसवायची, त्याला अक्ष म्हणतात.) कार्ड काढलं, आकडे घातले. चूक. पुन्हा घातले. चूक. उलटे घातले, डाव्या डोळ्यासकट घातले, मोठ्याने म्हणून घातले. पाचव्यांदा खात्याला कुलूप लागलं. मी पडद्यासमोर हात आपटून ओरडलो तेव्हा आतून काचा घासणारे आमचे मास्तर बाहेर आले आणि अत्यंत शांतपणे त्यांनी विचारलं, "बोटवाले काका चष्मा न्यायला कधी येणार?"

होय. मास्तरांना ते कार्ड सापडलं होतं आणि चष्मा दिल्याची खूण नव्हती, म्हणून त्यांनी चष्मा तयार केला. काड्या नीट बसवून डबीत घातला, वर फडकंही ठेवलं. एवढ्यावर थांबते तरी चाललं असतं. पण अक्ष कधी एकशे ऐंशीच्या वर जात नाही हे शाळकरी पोरालाही कळतं (असं मास्तरांचं म्हणणं), तेव्हा शेठची नजर आता राहिली नाही असं समजून, माझी लाज राखायला, त्यांनी दोनशे सातातून एकशे ऐंशी वजा केले आणि कार्डावरच्या आकड्यावर पांढरी शाई फासून वर सत्तावीस लिहून टाकले. बरोबरच आहे हो! काच तीच बसते! पण दार उघडत नाही ना! तीस वर्षांत या माणसाने मला न विचारता एक खिळा ठोकला नाही, आणि आता माझा पासवर्ड दुरुस्त केला. त्यांना काय बोलणार? "धन्यवाद मास्तर" म्हणालो आणि मागच्या खोलीत जाऊन उशीवर चार गुद्दे हाणले.

दोनशे सात आठवला तोवर कुलूप लागलेलं. मग आपण यंत्र नसून माणूस आहोत हे सिद्ध करायला सांगितलं. पडद्यावर वाकडीतिकडी अक्षरं, अर्धी खोडलेली, ती ओळखा म्हणे. भाऊजी, चाळीस वर्षं मी लोकांना खुर्चीत बसवून भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. "ही ओळ दिसते? आता? आधीची बरी की ही?" त्या सगळ्यांचे शाप एका संध्याकाळी भोवले. माझी नजर आजही चष्म्याने शंभर टक्के आहे, मी सगळी अक्षरं बरोबर वाचली, आणि ते डबडं मला म्हणतं, "पुन्हा प्रयत्न करा." सहा वेळा! मी माझ्या गिऱ्हाइकांशी असं वागलो असतो तर दुकानाच्या काचा राहिल्या नसत्या.

सातव्यांदा मला माणूस म्हणून मान्यता मिळाली, तेव्हा म्हणाले, फोनवर गुप्त आकडा सांगतो. खातं उघडताना मी दुकानाचा तारेचा फोन दिला होता. तो वाजला. एक बाई सहा आकडे असे भराभरा म्हणाली की तिला जणू गाडी पकडायची होती. हाताशी पेन होतं ते काचेवर खुणा करायचं, कागदावर उमटत नाही. म्हणून हातात होती त्या काचेवर आकडे लिहिले. लिहिले, आणि चाळीस वर्षांच्या सवयीने काच फडक्याने स्वच्छ पुसून ठेवली. दुसऱ्यांदा फोन वाजला तेव्हा गिऱ्हाईक होतं, तिसऱ्यांदा फोन मास्तरांनी घेतला आणि बाईला "शेठ कामात आहेत" म्हणून ठेवून दिला.

मग मी कंपनीच्या मदतकक्षाला लिहिलं. त्यांचा पहिला सल्ला, इंटरनेटची डबी बंद करून पुन्हा चालू करा. आमची डबी फ्रेमांच्या कपाटावर आहे. स्टूल घेतलं, चढलो, डबी बंद केली, चालू केली, आणि उतरताना स्टूल एकीकडे आणि मी एकीकडे. कंबर ती तेव्हाची. दुसरा सल्ला, धीर धरा. मला तिसरा सल्ला वाचवेना, म्हणून मास्तरांकडून वाचून घेतला. त्यात म्हटलंय की बोटीवरच्या सोबत्याने आपल्या पडद्यावर "मी या खलाशाला ओळखतो" हे बटण दाबलं तर माझ्या अर्जाचा विचार होईल. विचार! मी गुन्हा काय केलाय? खडकच दाखवत होतो ना?

तेव्हा भाऊजी, काम एवढंच. उद्या, शनिवारी संध्याकाळी ताई झाडांना पाणी घालायला गच्चीत जाईल, तेव्हा तिचा टॅब उघडा आणि ते बटण दाबा. खाली उजव्या कोपऱ्यात असतं, म्हणजे तिला ते दिसलेलं असण्याची शक्यता नाही. आणि हे पत्र वाचून झाल्यावर वाचनालयातल्या पुस्तकात खूण म्हणून ठेवू नका, मागच्या वेळी तुम्ही तेच केलं होतंत.

मुलांना आशीर्वाद. ताईला काही सांगू नका.

आपला,
कंबर धरून बसलेला मेहुणा

ता. क. पाकीट बंद करण्याआधीच कंपनीचं खरं उत्तर आलं. यंत्राने नव्हे, माणसाने लिहिलेलं. पासवर्ड, अक्ष, कपाटावरची डबी, कशाचाच काही संबंध नाही. माझं खातं रविवारीच बंद केलंय, कारण माझ्याविरुद्ध तक्रार आहे. तक्रारदाराचं नाव त्यांनी गुप्त ठेवलंय. (बोटीवर आम्ही दोघंच!) म्हणजे "बघू" म्हणाली आणि त्याच बैठकीत माझी चुगली केली. पाच दिवस मी कुणासाठी स्टुलावर चढत होतो, भाऊजी? बटणाचं राहू द्या. ती मला ओळखत नाही हे तिने लेखी दिलंय.

ता. क. २. तक्रार सोबत जोडली होती, ती रागाच्या भरात आधी वाचलीच नाही. आता वाचली. जशीच्या तशी उतरवतो: "हा कप्तान रोज माझ्या उजव्या डोळ्याची चौकशी करतो. माझा धाकटा भाऊही असंच डोकं खायचा, पण त्याला निदान त्यातलं कळतं. मी घाबरले आहे, पण ते या परक्या माणसाला का सांगू?"

ता. क. ३. घाबरली आहे, भाऊजी. मला हे कसं सुचलं नाही? हे पत्र कुरियरला देत नाही. उद्या दुकान मास्तरांवर सोडून मीच घेऊन येतोय, डॉक्टरांची दुपारची वेळही घेतली आहे. बेल वाजली की दार तिलाच उघडू द्या. मी तिच्या डाव्या हाताला उभा राहीन, म्हणजे दिसेन. तिने दार लावून घेतलं तर तुम्ही उघडा.