आमच्याकडे उभ्यानेच जेवतात

ती. डॉक्टरमामांना भाच्याचा वाकून नमस्कार.

(आता वाकता येतं, ही तुमच्याच मलमाची कृपा.) तुमचा रक्तदाब काय म्हणतो? मामींनी तुम्हाला चोरून गोड खाताना पकडलं, असं आईकडून कळलं. त्या प्रकरणात मी तुमच्या बाजूने आहे, पण हे मामींना सांगू नका.

नव्या ऑफिसात रुजू झालो तेव्हा मला नेमकं बसायच्या जागी गळू झालं होतं, हे तुम्ही जाणताच. कामाच्या वेळी एका अंगावर कलून निभावून नेत होतो, पण जेवणाच्या खोलीतल्या लोखंडी खुर्च्या बघून माझा धीर सुटला. डबा घेऊन खिडकीशी उभा राहिलो. हिशेबनीस बाईंनी कारण विचारलं. पहिल्याच दिवशी परक्या बाईला गळवाची जागा कशी सांगणार? म्हटलं, उभ्याने जेवलं की अन्न चांगलं पचतं. दुसऱ्या दिवशी त्याही शेजारी उभ्या. त्या उभ्या म्हणून टायपिस्ट उभा, आणि सगळे उभे असताना आपण कसं बसायचं म्हणून साहेबही उभे. (साहेब उभे राहिल्यावर ज्यांना पचनाशी काही देणंघेणं नव्हतं तेही उठले.)

यथावकाश गळू बरं झालं. मी आनंदाने डबा घेऊन खुर्चीत बसलो. हिशेबनीस बाई जवळ येऊन समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "तुम्ही नवीन आहात म्हणून सांगते. आमच्याकडे उभ्यानेच जेवतात."

मी चाटच पडलो. अहो, ही पद्धत माझीच, असं म्हणालो तर सगळे हसले. टायपिस्टच्या मते ती साहेबांच्या वडिलांच्या काळापासून चालत आली आहे. साहेब मात्र हसले नाहीत. माझी नोकरी कायम करायची की नाही हे त्यांना याच महिन्यात ठरवायचंय, आणि माणूस चारचौघांत मिसळतो का, हे ते आधी बघतात म्हणे. तेव्हापासून निमूट उभा आहे. पाय भरून येतात, भाजी शर्टावर सांडते, पण पोटाचा प्रश्न आहे.

मामींना नमस्कार, छोटीला पापा.

तुमचा,
उभा भाचा

ता. क. पत्राचं खरं कारण असं, की मी बसून जेवणं माझ्या प्रकृतीला आवश्यक आहे, असं एक सर्टिफिकेट पाठवा. गळवाचा उल्लेख कृपया नको.

ता. क. २. पत्र टाकायचं राहिलं, ते बरंच झालं. सर्टिफिकेट पाठवू नका. काल एक नवे गृहस्थ रुजू झाले आणि डबा उघडून खुशाल खुर्चीत बसले. मी त्यांना बाजूला घेऊन आमची पद्धत समजावली. साहेबांनी ते पाहिलं, आणि आज माझी नोकरी कायम झाली. पण मामा, तुमच्यापासून काय लपवायचं, मी ते नोकरीसाठी केलं नाही. तो माणूस बसून जेवताना मला खरंच बघवेना.