मधलं फूल कोणाचं

सोलो,
ईद होऊन आठवडा झाला, सकाळची वेळ

बिस्किटांचा डबा पोचला. डबा पोचला, तू नाही पोचलीस. अख्ख्या गल्लीतली पोरंबाळं घरी आली, शेजारच्या सारिनेमची हाँगकाँगला कामाला असलेली सूनसुद्धा आली, आणि माझ्या दारात कोण, तर कुरिअरवाला. त्याला काय म्हणू, वाक आणि पाया पड माझ्या? बिस्किटं मऊ पडली होती. तरी संपवली. डब्यात आता दरवर्षीसारख्या भाताच्या पापड्या भरून ठेवल्यात. पाहुणे मोठ्या आशेने झाकण उघडतात आणि त्यांचे चेहरे पडतात. तेवढीच माझी करमणूक.

आता रीत आहे म्हणून लिहिते. न्दुक वेनिंग, माझ्या पोरी, तुला तुझ्या म्बाहचा, आजीचा आशीर्वाद. मी ठीक आहे. तूही ठीक असशील असं धरून चालते.

फोन सोडून पत्र का, असं म्हणशील. फोनवर तू सहा वेळा ‘हो म्बाह’ म्हणतेस आणि सातव्यांदा मी तोंड उघडलं की तुला कोणीतरी हाक मारतं. पत्राला कोणी हाक मारत नाही. माझी शाळा तिसरीत सुटली, अक्षर कोंबडीच्या पायांचं आहे, तरी सबंध वाच. मधलं सोडून शेवट बघायची तुझी खोड मला ठाऊक आहे.

इकडची खबर. सारिनेमच्या बकरीला दोन पिल्लं झाली, त्यातलं एक माझ्या मिरच्या खातं. बॅडमिंटनच्या फुलांच्या कारखान्यात पिसं कापायला मशीन आलंय. निवडायला अजून बायाच लागतात. मी मात्र हल्ली निवडायला बसत नाही. फुलांच्या बुडाला फीत गुंडाळायला बसते. बसायची जागा बदलली, एवढंच. त्यात विचारण्यासारखं काही नाही.

काल अंगणात झाडताना फणसाच्या खोडावर दोरीचा वळ दिसला. खोड जाड झालंय, तरी वळ गेलेला नाही. तिथून विहिरीच्या खांबापर्यंत दोरी, दोरीवर माझे ओले सारोंग, आणि ते तुमचं जाळं. सारोंगाच्या वर मारलेलं खरं, खालून गेलेलं बाद. कारखान्याने टाकून दिलेली लंगडी फुलं मी ओच्यात घालून आणायची आणि तुम्ही ती संध्याकाळपर्यंत बोडकी करायचात. पालुपी पहिल्यांदा आली तेव्हा चपला उंबऱ्याबाहेर सरळ रेषेत ठेवून, अंगणात अनवाणी, दोन्ही हातांनी माझ्याकडून फूल घेतलं होतं तिने. शाळेतल्या कारकुनाची पोर, साखरेच्या पाकातून काढलेली. मी म्हटलं, ही काय खेळणार, ही तर फुलाची माफी मागेल. तू तोपर्यंत माझ्यासारखीच तेगालची होतीस, तोंडाने आणि हाताने फटकळ. तिच्यासोबत राहून तू बिघडलीस. म्हणजे लोकांच्या भाषेत सुधारलीस.

पिसांचं तुला ठाऊक आहे. डाव्या पंखाची एका ढिगात, उजव्या पंखाची दुसऱ्या ढिगात. एका फुलात दोन्ही आली की ते हवेत दारुड्यासारखं चालतं. माणसांचं मात्र उलटं निघालं. तू डावखुरी, ती उजवी, आणि गावभर म्हणायला लागले, अशी जोडी मिळत नसते. पण मधे आलेलं फूल आठवतं का? दोघींचे सरळ हात मधे आले की रॅकेटवर रॅकेट. जागा बदलल्या की दोघींचे उलटे हात मधे, मग दोघी सभ्यपणाने एकमेकींकडे बघत उभ्या आणि फूल टप्पकन मधोमध. एकदा तिच्या रॅकेटने तुझ्या कपाळाला टेंगूळ आलं आणि तुम्ही दोघी मागे सरत सरत माझ्या निवडलेल्या ढिगात बसलात. डावं-उजवं सगळं एक झालं. दिवसभराचं काम.

तेव्हा मी खराटा घेऊन नियम केला. जिने आधीचं मारलं तिने थांबायचं. मधलं दुसरीने घ्यायचं. विचारायचं नाही, बघायचं नाही, घ्यायचं. मला खेळातलं काही कळत नव्हतं. मला माझी पिसं तुडवलेली नको होती.

आणि तोच नियम घेऊन तुम्ही गेलात की नाही सगळीकडे? ऑगस्टातल्या झेंड्याच्या दिवशी गल्लीत, मग बाजारामागच्या हॉलमध्ये, मग जाकार्ताच्या राष्ट्रीय शिबिरात. स्टेशनवर तुमच्या खोक्याला मी फणसावरचीच दोरी बांधली होती. आत सोयाबीनचं गोड-तिखट टेंपे, गाडी सुटायच्या आत त्याचा वास डबाभर. पालुपीची आई रुमालात रडत होती आणि मी तिला सांगत होते, बाई, पोरी खेळायला चालल्यात, विहिरीत नाही.

मलेशियातली ती अंतिम फेरी मी बघितली नाही, हे गल्ली अजून सांगते. सगळे चावडीतल्या टीव्हीपुढे, मी मागच्या नळावर तांदूळ धूत होते. आवाजावरून मला सगळं कळत होतं. हाय म्हटलं की तुम्ही हरलात, ओरडले की जिंकलात. शेवटच्या फुलाला कोणी काहीच बोलेना. मी धूतच राहिले, पाणी स्वच्छ झालं, तांदळात सत्त्व म्हणून उरलं नाही. मग छप्पर उडालं. सारिनेम धावत आली, मधोमध आलं होतं म्बाह, वेनिंगने आधीचं मारलं होतं, ती मटकन खालीच बसली आणि पालुपीने तिच्या डोक्यावरून मारलं. टीव्हीवरचा माणूस म्हणे, काय ही समज, जणू एका अंगाचे दोन हात. मी म्हटलं, समज कसली, माझ्या खराट्याची भीती आहे ती.

त्या वर्षी मला बाजारात मासेवाली आधी माझा मासा कापून द्यायची. वेनिंग-पालुपीची म्बाह. मला वाटायचं एकाच नावाच्या दोन पोरी आहेत.

मग तुला दुसरी जोडीदार मिळाली, उंच, हातात जोर असलेली. तिच्यासोबत तू पदकं आणलीस, ती काचेत आहेत, मी पुसते. तुझं कौतुक नाही असं नाही. तिच्यासोबतच्या तुझ्या मॅचही मी सगळ्या बघितल्या. त्यात एक गोष्ट दिसायची. फूल मधे आलं की तू आधी मान वळवून बघायचीस. बघून मग मारायचीस. चांगलंच मारायचीस.

जोडी फुटली त्याच्या पुढच्याच जानेवारीत शिबिराच्या यादीत पालुपीचं नाव घरी जाणाऱ्यांत आलं. ती आली, चार दिवस झोपली, पाचव्या दिवशी उठून बाजारामागच्या हॉलमध्ये पोरांना शिकवायला लागली. शुक्रवारी माझ्याकडे येते. येताना सोतोचा रस्सा आणते, तिच्या हातचा पाणचट असतो. तुझ्याबद्दल तिने एकदाही वाईट शब्द काढला नाही. खरं तर शब्दच काढला नाही. तुझंही तेच. सात वर्षं तुम्ही दोघी माझ्या घरात एकमेकींच्या नावाला सोवळं पाळताय.

आता खरं लिहिते, कागद संपत आला.

तू शिबिरात नाहीस, मला ठाऊक आहे. यंदाच्या यादीत घरी जाणाऱ्यांत तुझं नाव होतं. सारिनेमच्या जावयाने सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं आणि मग खाली बघितलं. मी म्हटलं, गुडघ्यासाठी सुट्टी दिलीय तिला, ईदला येणार आहे, तेव्हा विचार. मी खोटं बोलले आणि तू आली नाहीस. आता ईदभर मी कोणाकोणाला काय सांगितलं ते माझं मला माहीत. तुझं नाटकही धड नाही. फोनवर म्हणतेस सराव चाललाय, आणि मागून टोफूवाला ओरडतो. शिबिराच्या मैदानात टोफूवाला कोण सोडतो? भाड्याच्या खोलीत बसून भिंत बघतेस. बघ. पण भिंत काही फूल परत टाकणार नाही.

लाज कशाची? गल्लीत कारखान्यातून काढलेल्या बाया आहेत, नवऱ्याने काढलेल्या आहेत. तुला यादीने काढलं. सगळ्या जेवतात.

ईदच्या दिवशी पालुपी आली. रीतीप्रमाणे माझ्या गुडघ्यांवर डोकं ठेवून माफी मागितली, मनातल्या आणि देहाच्या सगळ्या चुकांची. एरवी डोक्यावर हात ठेवून सोडते. या वेळी ती उठायच्या आत मी विचारलं, “चुकांचं राहू दे. माझ्या नातीला का सोडलंस?”

ती तशीच वाकलेली. म्हणाली, “मी नाही सोडलं, म्बाह. वेनिंगने जोडी बदलायला होकार दिला होता. प्रशिक्षकांनी मला ऑफिसात बोलावून तसं सांगितलं.”

“आणि तू काय म्हणालीस?”

“म्हटलं, जशी आपली मर्जी.”

“म्हणजे हो?”

“म्हणजे नाही, म्बाह.”

मी कपाळाला हात लावला. कारण सात वर्षांपूर्वी त्याच आठवड्यात तू मला फोनवर काय म्हणाली होतीस, ते मी विसरलेले नाही. पालुपी तयार आहे म्हणे, मग मी कशाला चिकटून राहू? मी म्हटलं होतं, तू काय उत्तर दिलंस? तू म्हणालीस, तेच, जशी आपली मर्जी.

झालं. दोघींना वेगवेगळं विचारलं, दोघींनी मान खाली घालून नम्रपणाने सांगितलं, आणि विचारणाऱ्याने दोघींचा होकार घेतला. त्या बिचाऱ्याचा काय दोष, तो दुसऱ्या बेटावरचा, त्याला ‘हो’ म्हणजे हो वाटलं. सोलोत ‘हो’ म्हणजे ऐकू आलं, एवढंच. ‘जशी मर्जी’ म्हणजे मरू दे मला. हे लहान पोरालाही कळतं. पण पालुपीची ‘मर्जी’ तुला कळू नये? तुझी तिला कळू नये? अंगणात मधलं फूल जसं पडायचं, तसंच ते पडलं. दोघी सभ्यपणाने बघत उभ्या. भीड ही भिकेची बहीण, पोरी. मी तेगालची उद्धट बाई, पण कोणी माझी जोडी फोडायला आलं असतं तर अर्ध्या बेटाला ऐकू गेलं असतं.

हे पालुपीला मी तिथल्या तिथे सांगितलं.  तिने माझ्या सारोंगाला नाक पुसलं. इतक्या वर्षांत तिने केलेला पहिला असभ्यपणा. मला बरं वाटलं.

त्याच दुपारी तिने तुला निरोप पाठवला. आधी सगळे पाठवतात तशी ईदची माफी, आणि खाली एक ओळ, अजून खेळतेस का. तू वाचलंस, त्या खुणा तिने मला फोनवर दाखवल्या. आठवडा झाला. तू गप्प. तुला वाटत असेल, बाहेर काढलं म्हणून कीव करतेय. कीव नाही. शिबिराबाहेरच्या पोरी आपापल्या क्लबातून खेळतात, तसं सेमारांगच्या स्पर्धेत नाव द्यायचं म्हणतेय ती. बाजारामागचा हॉल सकाळी मोकळा असतो. या महिन्याच्या आत तुझं नाव कळलं तर जोडी, नाही तर तिचंही नाव नाही. दुसरी कोणी तिला नको. मी विचारलं, जिंकाल का? म्हणाली, पहिल्याच फेरीत हरू बहुधा. तिची कंबर धरते. तुझा गुडघा आणि तिची कंबर मिळून एक धड बाई होईल की नाही, शंकाच आहे. पण हरायचंच तर नीट हरा. सात वर्षांपूर्वी तुम्ही हरलात ते कोर्टावर नव्हतं.

सेमारांगला मीही येणार. सारिनेमच्या जावयाची गाडी सांगून ठेवलीय. मैदानाची पांढरी रेघ मला अजून दिसते. पलीकडच्या बाजूचे चेहरे नाही दिसत, पण पलीकडच्यांचे बघायचेत कोणाला. डावं पीस आणि उजवं पीस आता हातात घेऊन सांगता येत नाही, म्हणून जागा बदलली. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी. म्हणून म्हणते, या महिन्यात.

आधीचं तिने मारलंय. नियम तुला माहीत आहे.

मला उत्तर लिहू नकोस. लिहिलंस तरी मी वाचणार नाही, सारिनेमलाही वाचू देणार नाही. पालुपीला लिही. हो लिही किंवा नाही लिही, दोन्ही चालेल. ‘जशी तुझी मर्जी’ लिहिलंस तर खराटा अजून कोपऱ्यातच आहे.

फणसाला नवी दोरी बांधलीय.

तुझी म्बाह,
तुमिरा

उत्तर तिला. तूच द्यायचं, आणि महिना संपायच्या आधी.