बाळांच्या टोप्या

ती. आईस नमस्कार,

मी बरी आहे, जेवतेही. बाबांचा खोकला थांबला का? दादा माझ्या पलंगावर हातपाय पसरून झोपत असेल. झोपू दे.

मागच्या पत्रात मी 'मला घरी घेऊन जा' असं लिहिलं होतं. त्यानंतर इथे एक गंमत झाली.

आमच्या शाळेच्या वसतिगृहातल्या मुली गावच्या इस्पितळातल्या नवजात बाळांसाठी लोकरीच्या टोप्या विणतात. मीही त्यांच्यात जाऊन बसायला लागले, कारण विणताना कुणाशी बोलावं लागत नाही. परवा नर्सबाई टोप्या न्यायला आल्या. एक टोपी उचलून म्हणाल्या, "ही बाळाला, की बाळाच्या बापाला?" आम्ही माप फुटबॉलवर घेतलं होतं. सगळ्या खो खो हसल्या. मीसुद्धा.

मग सगळ्या टोप्या उसवायला घेतल्या. उसवलेली लोकर गुंडाळायला दोघी लागतात. माझ्या शेजारच्या पलंगावरची मुलगी समोर येऊन बसली. मला ती शिष्ट वाटायची. पण दोन्ही हातांवर लोकर ताणून धरली की उठून जाता येत नाही.

तिने हळूच विचारलं, "तू न्हाणीघरात नळ सोडून रडतेस ना?"

"तुला कसं कळलं?"

"अगं, रडायला माझा नंबर तुझ्यानंतर असतो."

रात्री झोप अजून लवकर लागत नाही, पण आता आम्ही दोघी जाग्या असतो.

आई, रविवारी मला न्यायला येऊ नकोस. भेटायला ये.

तुझी,
धाकटी